उभा धागा

चिंधीला त्या नळीला हात लावायची मनाई होती. लॅबचा नियम साधा होता: रोगी आपल्या नात्यातला असेल तर त्याच्या नळीचं काम आपण करायचं नाही. आणि उद्या सकाळी जी नळी पायात बसायची होती, ती तिच्या सख्ख्या दादाच्या पायात बसायची होती. दोन महिने तिने नियम कसोशीने पाळला. ज्या इन्क्युबेटरमध्ये ती नळी वाढत होती त्याच्यासमोरून जाताना ती चक्क मान वळवून जायची, एखाद्या घराशी भांडण असावं तशी. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणसाचा हात स्वस्थ बसत नाही.

नळी हॉस्पिटलला पाठवण्याआधी तिची दोन्ही टोकं कापून सारखी करतात. कापलेली टोकं एका बशीत ठेवतात आणि ऑपरेशन आटोपल्यावर, सवडीने, कुणीतरी ती मायक्रोस्कोपखाली बघून टाकतं. आजवर त्यात कधी काही निघालं नव्हतं. टोकं म्हणजे काही नळी नव्हे, अशी चिंधीने स्वतःची समजूत घातली, बशी उचलली आणि दार लोटून घेतलं.

टोक म्हणजे बांगडीएवढंसुद्धा नाही, लहान बाळाच्या अंगठीएवढं कडं. तिने ते कापून उलगडलं आणि नळीची लांबी उभी येईल असं काचेवर पसरलं. डोळा लावला. मग डोळा काढला, भिंग पुसलं, पुन्हा लावला.

पेशी भरपूर होत्या. टवटवीत होत्या, एकमेकींना खेटून होत्या, कुठे फट नव्हती. फक्त सगळ्याच्या सगळ्या आडव्या होत्या.

हे आडवं-उभं काय प्रकरण आहे ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. तयार प्लास्टिकच्या नळ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चालतात, पण गुडघ्याखालच्या बारीक वाहिनीत घातल्या की थोड्याच दिवसांत आत गुठळी होते. रक्ताला परकं अस्तर सोसत नाही. म्हणून ही लॅब एक पातळ पापुद्रा तयार करायची आणि साच्यावर ओतून त्याच्या एका बाजूला रेघा उठवायची, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत कितीतरी मावाव्यात. तो पापुद्रा रेघा आत ठेवून सळीवर गुंडाळला की नळी झाली. मग आत रोग्याच्याच पेशी पेरायच्या. पेशींना रेघ सापडली की त्या रेघेच्या अंगाने लांब होऊन निजतात. रेघा नळीच्या लांबीने असल्या तर रक्त वरून सुळकन निघून जातं. आडव्या असल्या तर पेशी वाहत्या रक्ताला आडव्या पडतात, काही दिवस तग धरतात, मग एकेक करून सुटतात. जागा उघडी पडते, आणि उघड्या जागी गुठळी. मेंढ्यांवर त्यांनी दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या होत्या. आडव्या नळ्यांचं काय झालं ते चिंधीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि गंमत अशी की हे उभ्या-आडव्याचं वेड तिला कुठल्या कॉलेजात लागलं नव्हतं. दादा शिंपी. आई-वडील लवकर गेले, तेव्हा दादाने आणि वहिनीनेच तिला वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे अक्षरशः कटिंगच्या टेबलाखाली, कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात. म्हणून ती चिंधी. लॅबच्या दारावर तिचं चांगलं भारदस्त नाव लिहिलेलं होतं, पण ते घरी कुणी उच्चारलं असतं तर दादाने मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून. तिचे डोळे तीक्ष्ण. सुईत दोरा ओवायचं काम तिचं. दादा मान वर न करता सुई पुढे करायचा आणि म्हणायचा, "चिंधी, दोरा." आणि दोरा ओवता ओवता ती ऐकायची की कापड नेहमी उभ्या धाग्यात बेतायचं. आडव्यात बेतलेला शर्ट पहिल्या दिवशी झोकात दिसतो आणि पहिल्या धुण्याला रडायला लागतो.

दादाच्या हृदयाचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं आणि त्यात दोन्ही पायांच्या शिरा वापरून संपल्या होत्या. हाताच्या शिरा सुया टोचून टोचून कामातून गेलेल्या. आता डाव्या पायाची वाहिनी गुडघ्याखाली बुजली होती आणि अंगठा काळा पडला होता. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: एक तर ही नळी, नाहीतर पाय. नवी नळी वाढवायला दोन महिने लागतात. पाय दोन आठवडेसुद्धा थांबणार नव्हता.

चिंधीने दुसरं टोक घेतलं. आपणच काच उलटी ठेवली असेल, असं तिला वाटत होतं, म्हणजे वाटावं असं वाटत होतं. तिने त्या टोकावरच्या पेशी धुऊन टाकल्या, ते वाळवलं आणि वर पाण्याचा एक बारीक थेंब सोडला. थेंब खोटं बोलत नाही. रेघा जिकडे जातात तिकडे तो लांबतो. थेंब क्षणभर गोल राहिला आणि मग आडवा पसरत गेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आधी वाटलं ओरडावं. मग वाटलं हे टोक गिळून टाकावं, कुणाला दिसायलाच नको.

शेजारच्या खोलीत डावरा पंपांपाशी बसला होता. तो डाव्या हाताने सगळं करायचा म्हणून डावरा. पेशींना अन्नपाणी घालणारे पंप तो सांभाळायचा आणि दिवसभर त्यांच्याशी सासू सुनेशी बोलावी तसा बोलायचा. चिंधीला दादाच्या कामातून बाजूला केल्यावर पापुद्रा तयार करायचं काम या एका खेपेपुरतं त्याच्याकडे गेलं होतं. गुंडाळायचं काम नेहमीप्रमाणे मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख, हात असा स्थिर की सर्जनने हेवा करावा.

"एक पापुद्रा कापून दाखव ना," चिंधी म्हणाली.

"का गं? हात विसरला तुझा दोन महिन्यांत?"

"दाखव तर."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण पुढचा विनोद त्याने गिळला. त्याने रद्दीतला एक चौकोनी पापुद्रा घेतला, दिव्याखाली तिरका धरला. कोरड्या रेघांवर असं धरलं की रंग उमटतात आणि दिशा कळते. रेघा आपल्यापासून सरळ समोर जातील असा त्याने तो टेबलावर ठेवला, डाव्या हाताने कात्री उचलली आणि वरचा डावा कोपरा छाटला.

चिंधी त्या छाटलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

कोपरा छाटायची पद्धत तिनेच पाडली होती. पापुद्रा चारी बाजूंनी सारखा, आणि गुंडाळण्याआधी तो ओला करावा लागतो. ओला झाला की रंग गेले, मग उभं कुठलं आणि आडवं कुठलं हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून खूण. वरचा उजवा कोपरा. मोठ्या बाई तो छाटलेला कोपरा आपल्या उजव्या हाताला वर ठेवायच्या आणि गुंडाळायला घ्यायच्या. कोपरा उजवाच का, हे कुणी कधी बोललं नव्हतं, कारण कापणारी उजवी आणि गुंडाळणारीही उजवी. बोलायची वेळच आली नव्हती. डावऱ्याने मेंढ्यांच्या वेळी पुष्कळ नळ्या केल्या होत्या, पण तेव्हा कापणारा तोच आणि गुंडाळणाराही तोच. त्याच्या हाताला डावा कोपरा यायचा, तोच त्याने छाटला आणि तोच धरून गुंडाळलं. कधी काही बिघडलं नाही. या खेपेला त्याचा डावा कोपरा मोठ्या बाईंनी नेहमीच्या सवयीने उजवीकडे फिरवून घेतला. पापुद्र्याचा पाव फेरा. पाव फेऱ्यात उभं ते आडवं झालं.

"काय झालं?" डावऱ्याने विचारलं.

तिने बोटाने कोपरा दाखवला. मग स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला, कात्री धरल्यासारखा. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना तिने बघितलं आणि तिला त्याचा राग यायचा होता तो यायचा राहून गेला.

"नाही," तो म्हणाला. "नाही गं. टोक बघितलंस?"

"दोन्ही."

तो स्टुलावर बसला. पंप आपले टुकटुक चालत होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "कुणाला बोललीस?"

"तुलाच."

"मग जरा थांब. मी माझी कातडी वाचवायला म्हणत नाही, शपथ घेऊन सांगतो. पण तू बोललीस तर उद्या नळी नाही. नळी नाही म्हणजे पाय नाही. उद्याच. आणि न बोललीस तर... आडव्या मेंढ्यांपैकी एकीची चांगली चार महिने चालली होती."

"आणि बाकीच्यांची?"

बाकीच्यांचं काय झालं ते दोघांनाही पाठ होतं.

"संध्याकाळी माणूस येतो नळी न्यायला," तो शेवटी म्हणाला. "तोवर तू काय ठरवशील ते. मी तुला सांग असंही म्हणणार नाही आणि नको सांगू असंही म्हणणार नाही. माझा तो हक्कच राहिला नाही."

तेवढ्यात चिंधीचा फोन वाजला. वहिनी.

"अगं, ह्यांचं काय चाललंय बघ! त्या सर्जनच्या कोटाचा खांदा चुकलाय म्हणून त्यांना तोंडावर सांगितलं. बरा झालो की शिवून देतो म्हणे." वहिनी हसत होती. कित्येक महिन्यांत तिचं हसू चिंधीने ऐकलं नव्हतं. "उद्या पहिलाच नंबर आहे. येतेस ना? तुला बघितल्याशिवाय जेवणार नाहीत."

"येते," चिंधी म्हणाली, आणि फोन ठेवून तशीच निघाली.

हॉस्पिटल दोन रस्ते पलीकडे. चालता चालता तिने दोन्ही बाजूंनी स्वतःशी वकिली केली. आत्ता पाय तर वाचू दे, पुढचं पुढे. तोवर लॅबमध्ये दुसरी नळी वाढवता येईल, चोरून. चोरून कशी? पेशी कुणाच्या म्हणून सांगणार? आणि चार महिन्यांऐवजी दोनच आठवडे चालली तर? गुठळी वर सरकली तर पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागेल, आणि गुडघा गेलेला माणूस नि गुडघा असलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दादाचं हृदय दुसरं मोठं ऑपरेशन सोसेल की नाही, हे तर सर्जनही छातीवर हात ठेवून सांगत नव्हता. मग बोल. पण बोललीस की उद्या सकाळी, तुझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यावर, दादाचा पाय जाणार. लिफ्टपाशी पोहोचेपर्यंत वकील दोघेही थकले होते आणि निकाल लागला नव्हता. मग तिला एक पळवाट सुचली. पाय दादाचा आहे, दादालाच विचारावं. ही पळवाट आहे हे तिला त्या क्षणी कळलं नाही.

दादा उशाला टेकून बसला होता. डाव्या पायावर सर्जनने निळ्या शाईने खुणा केल्या होत्या.

"बघ, मार्किंग केलंय," तो म्हणाला. "रेघ वाकडी आहे, पण म्हटलं जाऊ दे, माणूस शिकलेला आहे."

वहिनी चहा आणायला गेली. चिंधी खाटेच्या कडेवर बसली, आणि दादाचं हसू कमी झालं. टेबलाखालची ही पोर तो तिच्या पाठीवरूनसुद्धा ओळखायचा.

"बोल."

तिने सांगितलं. काही सोडलं नाही. तांत्रिक शब्द लागलेच नाहीत. "आडव्यात बेतलं गेलं" एवढं म्हटल्यावर दादाने डोळे मिटले.

"लावलं तर?"

"पहिले काही दिवस चांगलं चालेल. मग गुठळी. कदाचित आठवड्यांत, कदाचित दोन-चार महिन्यांत. तेव्हा पाय वरून जाईल. किंवा..."

"आणि नाही लावलं तर?"

"उद्या. गुडघ्याखाली."

दादाने त्या निळ्या रेघांवरून अंगठा फिरवला. खाली कुठेतरी ट्रॉली खडखडत गेली.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही. आधी तुला विचारायला आले. तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं?" दादाने डोळे उघडले, आणि त्यांत असा राग होता की चिंधी मागे सरकली. लहानपणी तिने महागातल्या कापडावर शाई सांडली तेव्हाही त्याने असं बघितलं नव्हतं. "मला विचारतेस? कापड तू बेतणार, चुकलं की गिऱ्हाइकाला विचारणार, की साहेब, उलटं लागलंय, चालेल का? मी असं कधी केलंय? उसवलं मी. रात्ररात्र उसवलं. कुणाच्या अंगावर चुकलेला कपडा घालून 'तुम्हीच बघा' म्हटलं नाही."

"दादा, पाय तुझा आहे..."

"आणि नळी तुझी आहे! मी नको म्हटलं तर माझा पाय मी घालवला. हो म्हटलं तर तू आयुष्यभर म्हणशील दादाने सांगितलं होतं. मोकळी व्हायला आलीस इथे?" त्याचा आवाज फाटला. "आज सकाळपासून हसतोय मी. तुझ्या वहिनीला हसवतोय. तुला आजच बघायची होती ती टोकं?"

दारात वहिनी चहाचे तीन कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय बघायचं होतं?" तिने विचारलं.

"जा तू," दादा चिंधीला म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

चिंधी उठली. वहिनीच्या शेजारून जाताना तिला थांबून काही सांगावं असं वाटलं, पण ती थांबली नाही. तिला दादाचा राग आला होता, भयंकर राग आला होता, आणि तो बरोबर बोलला होता म्हणून जास्तच आला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये एका खिडकीशी ती उभी राहिली. रस्त्यावर दुकानं उघडी होती, माणसं दोन पायांवर इकडून तिकडे जात होती. तिने सर्जनची खोली गाठली आणि दारावर टकटक केली.

सर्जन उद्याच्याच तयारीत होता. त्याने ऐकून घेतलं. खांदा चुकलेला कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता.

"नक्की?"

"नक्की. थेंब टाकून बघितलाय. मोठ्या बाईंना मी आता फोन करते, पण नळी घेऊ नका."

"उद्या मला मग दुसरं ऑपरेशन करावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"हो."

"त्यांना मी सांगू?"

"मी सांगितलंय," चिंधी म्हणाली. आणि मग, कारण कुणालातरी सांगणं भाग होतं, ती म्हणाली, "चूक माझ्या पद्धतीत होती. कोपरा मी ठरवला होता."

सर्जनने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. सांत्वन वगैरे त्याने केलं नाही, त्याबद्दल ती त्याची ऋणी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर वहिनी बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. चिंधी आली तरी पर्स हलली नाही. दोघी एका ओळीत, मध्ये एक पर्स, अशा बसून राहिल्या. मोठ्या बाई येऊन गेल्या. वहिनीपुढे हात जोडून त्यांनी चूक आपलीही आहे म्हणून सांगितलं. वहिनी नुसती मान हलवत राहिली. दार उघडून सर्जन बाहेर आला, सगळं नीट झालं म्हणाला, आणि नीट झालं म्हणजे काय झालं ते तिघांनाही माहीत होतं.

दादाने चिंधीला आत बोलावलं नाही.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते विचारू नये. चिंधी फोन करायची, वहिनी उचलायची, बरे आहेत म्हणायची, ठेवायची. लॅबमध्ये कोपरा छाटणं बंद झालं. चिंधीने नवा साचा करून घेतला, त्यात रेघांबरोबर कडेला एक बाणच उठायचा, ओल्यातही दिसणारा, कापणारा डावा असो की उजवा. बाण करून झाला त्या दिवशी ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. दादा प्रत्येक कापडावर खडूने बाण काढायचा. जन्मभर बघत आली होती ती. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा कोपरा छाटला, कारण कोपरा छाटायला सोपा. डावरा पंपांशी बोलेनासा झाला होता. डबा घेऊन कुठे जाऊन जेवायचा कुणास ठाऊक.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. आवाज सपाट होता. "दुकानात बसायला लागलेत. तुला बोलावलंय. ती नळी घेऊन ये म्हणाले."

"नळी? कशाला?"

"मला काय सांगतात! घेऊन ये म्हणजे घेऊन ये."

नळी होती. पेशी धुऊन, वाळवून, चूक कशी दिसते ते नव्या माणसांना दाखवायला ठेवली होती. चिंधीने मोठ्या बाईंना विचारून ती एका डबीत घेतली. दुकानाच्या पायरीशी तिचे पाय अडखळले. आत दादा मशीनमागे बसला होता. डाव्या पायाची पँट गुडघ्याखाली दुमडून टाचलेली होती, अगदी सरळ, स्वतःच टाचली असणार. वहिनी काजं करत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"दे," दादा म्हणाला.

त्याने नळी डबीतून काढली, उजेडात फिरवली. मग मोठी कात्री बाजूला ठेवून दोऱ्याची लहान कात्री घेतली आणि नळी लांबीने चिरली. तीन पदर उलगडून टेबलावर पसरले आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. आधी उभा. मग आडवा. मग डोळे मिटून पुन्हा उभा, पुन्हा आडवा. हाच अंगठा डोळे मिटून रेशीम कुठलं नि भेसळ कुठली ते सांगायचा. पाठमोऱ्या गिऱ्हाइकाच्या शर्टाला नुसता लावला की धागा कुठल्या अंगाने आहे ते ओळखायचा. चिंधी वाट बघत उभी होती. आता तो म्हणणार, एवढं कळलं नाही तुम्हाला?

दादाने कितीतरी वेळा अंगठा फिरवला. कपाळाला आठ्या पडल्या.

"तुला कसं कळलं?" त्याने शेवटी विचारलं.

तिने वहिनीच्या तांब्यातून बोटाच्या टोकावर पाणी घेतलं आणि पापुद्र्यावर एक थेंब सोडला. तिघंही वाकून बघत होती. वहिनीसुद्धा काजं टाकून आली. थेंब जरासा थरथरला आणि आडवा पसरत गेला.

दादा त्या ओल्या रेघेकडे बघत राहिला.

"हाताला नाही कळत गं," तो म्हणाला. "काहीच नाही कळत. मलासुद्धा नसतं कळलं."

चिंधी रडायला लागली. इतक्या आठवड्यांचं एकदम, नाक वाहेपर्यंत, पोरासोरासारखं. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"तो डावरा," दादा पापुद्रा पुन्हा गुंडाळत म्हणाला, "त्याला तुमच्याकडे डावी कात्री आहे का?"

"डावी कात्री?"

"डावखुऱ्याची वेगळी येते. पातं उलटं असतं. साध्या कात्रीने डाव्या हाताला रेघच दिसत नाही नीट." त्याने खण ओढून आत खुडबुड केली. "आमच्या उस्तादांची आहे कुठेतरी. ते डावरेच होते. घेऊन ये त्याला एकदा. नीट खातोपितो ना तो?"

"नाही," चिंधी म्हणाली.

"मग जेवायलाच आण," वहिनी म्हणाली.

दादाने डबी बंद करून तिच्या हातात दिली. मग उजवा पाय मशीनच्या पायट्यावर ठेवला, अर्धवट शिवलेली बाही पुढे ओढली, आणि मान वर न करता सुई तिच्यापुढे धरली.

"चिंधी, दोरा."

तिने डोळे पुसले. पहिल्या दोन वेळा दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. तिसऱ्या वेळी गेला आत.